टगवरचा दोर

आमच्या आजोबांमुळे एक माणूस बुडून मेला.

आज आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली. एवढे दिवस हे लिहिता येत नव्हतं. आता येतं.

आजोबा नांदेडचे, गोदावरीवर नाव चालवणाऱ्या घरातले. निजामाची मोगलाई संपत आली होती, दुसरं महायुद्ध चालू होतं. मुंबईच्या गोदीत माणसं हवीत असं कळलं आणि हे निघाले.

नातेवाइकांत ते 'नेव्हीवाले'. प्रत्यक्षात ड्यूटी टगवर. टग म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना दोर लावून धक्क्याला आणणारी छोटी बोट.
लढाईशी संबंध एवढाच.

तिथे मालवणकडचा धाकू त्यांचा जोडीदार. एक खोली, एक ताट.

एका दुपारी जहाजाने अचानक वेग घेतला. टग आडवी ओढली जाऊन कलंडायला लागली. अशा वेळी टगच्या प्रमुखाने, सारंगाने, सांगताच दोर ताबडतोब सोडायचा असतो. तो आजोबांच्या हातात होता.

नदीवर नेमकं उलटं. पुरात दोर सुटला की नाव गेली. लहानपणापासून वडिलांनी तेच घोटवून घेतलेलं.

शेवटच्या आजारपणात मला म्हणाले, "सारंग सोड म्हणला, बाई. मला ऐकू बी आलं. हात उघडलाच न्हाई."

टग उलटली. बाकीचे पोहून निघाले. धाकू खाली इंजिनपाशी होता.

आजोबा नोकरी सोडून आधी मालवणला गेले आणि धाकूच्या आईला सगळं खरं सांगितलं. तिने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या सुनेक ह्या सांगू नको. घोव लढाईत गेलो, असा तिका वाटांदे."

नवरा लढाईत गेला असंच धाकूच्या बायकोला वाटू देईन, असा आजोबांनी शब्द दिला.

लग्नाकार्यात मेहुणे विचारायचे, लढाईत किती बोटी बुडवल्या? आजोबा म्हणायचे, एक. पंगत हसायची. मीही हसलेय, त्याची आज लाज वाटते.

धाकूच्या बायकोने आजोबांना भाऊ मानलं. आमच्यासाठी ती मालवणची आजी. दरवर्षी तिचं आमसुलांचं पार्सल यायचं. पत्रात लिहायची, शेवटच्या घडीला तुम्ही ह्यांच्याजवळ होतात, तेवढाच आधार वाटतो.
आजोबा पत्र माझ्याकडून वाचून घ्यायचे, उत्तरही मलाच लिहायला लावायचे आणि आमसुलं शेजारी वाटून टाकायचे. आम्हाला वाटायचं, आंबट सोसत नसेल.

तिला खरं कधी सांगावंसं वाटलं नाही का, असं मी त्या आजारपणातच विचारलं.

"लई वाटलं. पण माझं वझं हलकं झालं असतं अन् तिचं वाढलं असतं."

मालवणची आजी गेल्या महिन्यात गेली. मूलबाळ नव्हतं. पुतण्याचा फोन आला. शेवटी शेवटी सारखी म्हणत होती म्हणे, नांदेडच्या भावाला कळवा.

तिचा तेवढाच आधार तुटू नये म्हणून भाऊ गेल्याचं आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. बारा वर्षं तिच्या पत्रांना त्यांच्या नावाने मीच उत्तरं लिहीत होते.

आजोबा, तुमचा शब्द शेवटपर्यंत पाळला गेला.
नमस्कार.