क्रेनवाल्याची भाषा

तात्या कुठेही बसण्याआधी वर बघायचे. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, देवळाच्या ओट्यावर, आमच्या सोप्यात. मान वर करून नीट न्याहाळायचे, मग खुर्ची हातभर बाजूला ओढायचे आणि टेकायचे. आमच्या सोप्यातला पंखा त्यांना कधीच पटला नाही. बंद असला तरी ते त्याच्याखाली बसत नसत. पडायचाच असता तर एवढ्या वर्षांत पडला असता, असं आई चिडून म्हणायची. तात्या चहा फुंकत म्हणायचे, "पडतंय त्ये पयल्यांदाच पडतंय, वैनी."

अंथुर्ण्यातल्या आमच्या वस्तीच्या शेजारीच त्यांचं घर. तात्या खलाशी होते. जहाजावरचे नव्हेत, अवजड यंत्रं साखळ्यांनी उचलून जागेवर बसवणाऱ्या कामगारांना आमच्याकडे खलाशी म्हणतात. ठेकेदाराच्या टोळीबरोबर ते परमुलखात खूप हिंडले. जिथे नवा साखर कारखाना उभा राहायचा तिथे तात्या. परत आले ते एक खांदा कायमचा वाकडा करून आणि कितीतरी भाषांमधला एकेक शब्द घेऊन. शब्द सगळीकडचा एकच, 'सरक'. आम्ही पोरं त्यांना पाठीमागे सरकतात्या म्हणायचो. सकाळी कालव्याच्या कडेने फिरताना ते हे सगळे शब्द बेंबीच्या देठापासून ओरडायचे. गावात नवी आलेली सून पहिल्या सकाळी हमखास दचकायची.

हल्ली आमच्या भागात घरटी एक पोरगं परदेशी भाषा निवडायच्या मागे असतं. बारामतीत जर्मनच्या, जपानीच्या क्लासच्या पाट्या लागल्यात. पूर्वी उसाचा कुठला वाण लावायचा यावर माणसं जशी तावातावाने भांडायची, तशी आता भाषेवर भांडतात. तात्यांकडे सल्ला मागायला कोणी जायचं नाही. तो आपल्या पायांनी चालत यायचा. "ज्या भाषेत पगार देत्यात ती आदी शिकू नगा," ते म्हणायचे, "ज्या भाषेत तुमच्यावर वरडत्यात, ती आदी." पोरं हसायची. मीसुद्धा हसायचे.

माझा धाकटा भाऊ रोहित बारामतीच्या एमआयडीसीत वेल्डर होता. त्याने बाहेर जायचं मनावर घेतलं तेव्हा आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. आईचा कौल जपानला, कारण तिथली माणसं म्हणे हळू बोलतात. दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, जर्मनीला, कारण त्यांच्या मित्राचा जावई तिथे गाडी घेऊन बसला होता. एजंटही जर्मनच म्हणत होता. तात्या आले, पंखा चुकवून बसले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "तितं तुज्या डोक्यावर कोण असनार हाय?"

रोहितला कळेना. कंपनी जर्मन, साहेब जर्मन, मग अजून कोण असणार? तात्या म्हणाले, सायब नाही, क्रेनवाला. तो कुठला आहे ते विचारून घे आणि मग भाषा ठरव. रोहितने हसू दाबलं. मग तात्यांनी आमच्यासमोर पहिल्यांदा आणि शेवटचं, बाळूचं नाव काढलं.

बाळू वरकुट्याचा, त्यांचा टोळीतला जोडीदार. दोघे पहिल्यांदाच परदेशी निघाले होते. "आमी इंग्लिश शिकलो," तात्या म्हणाले. "गुड मॉर्निंग, ओव्हरटाइम, सुट्टी पायजे. सायबाची भाषा. सायब हापिसात बसायचा. डोक्यावर व्हता त्यो तितलाच गडी, त्याला इंग्लिश येत न्हवतं. एक दिस त्यो वरून वरडला. मी हातभर लांब व्हतो. बाळू माज्याकडं वळला आन म्हनला, काय म्हनतोय रं त्यो?"

तात्यांनी उरलेला चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. "तितं शेरडं हाकताना बी त्योच शबुद वापरत्यात. रोज कानावर पडत व्हता. आमी इचारला न्हाय." जाता जाता दारात थांबून म्हणाले, "त्याची आई इचारीत व्हती, शेवटाला काय बोलला. मी सांगितलं, आई म्हनला."

त्यानंतर मला तात्यांवर हसता आलं नाही. पण ठरलं जर्मनच. क्लासच्या सरांनीही सांगितलं होतं की तिकडे जर्मनवाचून पान हलत नाही, आणि त्यात काही खोटं नव्हतं. रोहित मन लावून शिकला. तात्यांनी त्याच्याकडून जर्मनमधलं 'सरक' घेतलं आणि ते त्याच्यावरच उलटवलं. रोहित गोठ्यात असो, जेवायला बसलेला असो, मागून आवाज यायचा आणि त्याने उडी मारायची. नाही मारली तर तात्या नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही गावजेवण घातलं. तात्या मांडवात आलेच नाहीत. ताट घेऊन बाहेर उन्हात, मोकळ्या आभाळाखाली बसले. रोहित पाया पडायला गेला तेव्हा त्यांनी त्याचा दंड धरला, तो सोडेचनात. "पयल्याच दिशी इचार. घास घ्यायच्या आदी इचार. वर कोण हाय, कुठला हाय, कसा वरडतो."

पंधरवड्याने रोहितचा फोन आला. उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात, जहाजं बांधायच्या आवारात काम होतं. गंमत म्हणून सांगितल्यासारखं तो म्हणाला, "ताई, जर्मन लागतंय ते दुकानात आणि ऑफिसात. माझ्या आजूबाजूला कोणी जर्मन नाहीच. क्रेनवाला रुमानियाचा आहे."

हे मी तात्यांना सांगायला नको होतं की काय, असं नंतर वाटायचं. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी आमच्या दारात. बसायचे नाहीत, पाणीही घ्यायचे नाहीत. "इचारलं का त्यानं?" मी रोहितला विचारायचे, तो म्हणायचा विचारतो. मी तात्यांना सांगायचे, विचारणार आहे. ते मान हलवायचे आणि परत जायचे. कालव्यावरचं ओरडणं त्यांनी बंद केलं. ते ऐकू येईनासं झाल्यावर सकाळी मी कालव्याकडे कान देऊन बसायचे. ज्या दिवशी रोहितचा फोन लागायचा नाही, त्या दिवशी आई देवापुढे बसायची आणि तात्या रस्त्यावर उभे राहायचे.

थंडीत त्यांच्या छातीने दगा दिला. मुलगा आत चला म्हणून विनवत होता, पण तात्यांनी खाट अंगणातच ठेवायला लावली. वर फक्त आभाळ. मी जवळ गेले तर त्यांना बोलवत नव्हतं, नुसत्या भुवया उंचावून विचारलं. पहिल्यांदाच मी खोटं बोलले. "विचारलं, तात्या. शिकलाय तो." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना ते पटलं नव्हतं. बाळूच्या आईला तेही असंच सांगून आले होते. पहाटे तात्या गेले.

रोहितला मी तसंच सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही.

मग महिन्याभराने त्याचा व्हिडिओ कॉल आला, जेवणाच्या सुट्टीत. उभ्याउभ्या पाव खात दादांच्या गुडघ्याची चौकशी करत होता. मागून कोणीतरी एक शब्द ओरडलं. रोहित बोलता बोलता दोन पावलं बाजूला झाला आणि तो उभा होता तिथून एक लांबलचक लोखंडी तुळई झुलत गेली. त्याचं वाक्यसुद्धा तुटलं नाही.

"काय म्हणाला रे तो?" मी विचारलं.

"कोण?" रोहित म्हणाला. मग मागे वळून बघितलं. "तो होय. सरक म्हणाला."

मी फोन ठेवला आणि तात्यांच्या अंगणात जाऊन रडले. आनंदानेच रडले, पण ज्याला सांगावं ते माणूस उरलं नव्हतं.

हे मागच्या महिन्यातलं. गेल्या आठवड्यात रोहित म्हणाला, तो क्रेनवाला काम सोडून गेला, नवा आलाय. कुठला, ते माहीत नाही, फारसा बोलत नाही. तेव्हापासून मी रोज फोन करते आणि एकच विचारते. आई म्हणते, तुला तात्यांची बाधा झाली. काल रात्रीही विचारलं.

रोहित म्हणाला, "उद्या विचारतो, ताई."