डच तेरड्याची गौर

माझ्या सासूबाईंनी ऐन करोनात एका डच गृहस्थाच्या टकलावर तोंडातलं पाणी उडवलं, त्या वेळी मी निसर्गाचं रक्षण करत होते.

निसर्गाचं रक्षण करायची मला तशी हौस नव्हती. मला घराबाहेर पडायची हौस होती. सासूबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून गुहागरहून आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला आल्या, आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. ऑगस्ट उजाडला तरी त्या इथेच. मंदार, म्हणजे माझा नवरा आणि त्यांचा एकुलता एक, वरच्या खोलीत दार लावून ऑफिस करायचा. मी खाली, जेवणाच्या टेबलावर. मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलं की मागे कुकरची शिट्टी व्हायची. (आमच्या टीममधला एक जर्मन बरेच दिवस समजत होता की मी एखाद्या कारखान्यातून काम करते.)

सासूबाई वाईट नव्हत्या. भांडल्या असत्या तर एकवेळ परवडलं असतं, पण त्या मदत करायच्या. त्यांनी माझं स्वयंपाकघर लावलं, मग कपाटं लावली, आणि लावण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा माझ्या लॅपटॉपची वायर काढून, नीट गुंडाळून, तिला रबर लावून ठेवली. मी तेव्हा क्लायंटशी बोलत होते.

त्याच संध्याकाळी सुपरमार्केटच्या दाराशी मला एक सूचना दिसली. गावाबाहेरच्या राखीव कुरणात जो ओढा आहे, त्याचे काठ पूर्वीसारखे करायला स्वयंसेवक हवेत. दर मंगळवारी सकाळी. मी आठवड्यातून चारच दिवस काम करते आणि मंगळवार माझा मोकळा. मी तिथेच उभ्या उभ्या फोनवरून नाव दिलं.

मंगळवारी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून मी दाराशी पोचले, तर मागून आवाज आला.

"कुठे निघालीस गो?"

"ओढ्यावर, आई. काम आहे. फार चिखलाचं."

"मग थांब जरा. मंदारचे बूट घालते."

ओढ्यावर दहा-बारा निवृत्त डच मंडळी एकमेकांपासून दीड-दीड मीटर अंतर ठेवून कॉफी पीत उभी होती. त्यांच्या प्रमुखाचं नाव केस. डच लोकांत हे सर्रास आढळणारं नाव आहे. याच्या डोक्यावर मात्र नावालाही एक नव्हता. मी सासूबाईंना त्याचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे वर पाहिलं आणि अतिशय सहानुभूतीने मान हलवली.

केसच्या हातात एक काठी होती, बरोबर दीड मीटरची. त्या काठीने त्याने आम्हाला आमची जागा दाखवली आणि मग काम समजावून सांगितलं. ओढ्याचे दोन्ही काठ एका उंच, गुलाबी फुलांच्या रोपाने भरून गेले होते. ते उपटलं की इथलं मूळचं गवत, लव्हाळे, चतुर, बेडूक सगळे परत येणार होते.

"दिसायला सुंदर आहे," केस म्हणाला. "भारतातून आणलं. सुरुवातीला सगळ्यांना कौतुक वाटलं. पण एकदा आलं की पसरत जातं आणि इथल्यांना जागाच ठेवत नाही."

मग त्याचं लक्ष आम्हा दोघींकडे गेलं.

"मी रोपाबद्दल बोलतोय," तो म्हणाला.

एरवी हे काम उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उरकतात. यंदा करोनामुळे उशीर झाला आणि रोपांना बोंडं धरली. पिकलेलं बोंड हाताला लागलं की फुटतं आणि बिया चार हात लांब उडतात. म्हणून रोप अलगद उपटायचं, पोत्यात घालायचं, आणि इथून एक काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असं त्याने दोनदा बजावलं.

सासूबाईंनी एका रोपाचं देठ हातात धरलं, पान चुरगळून वास घेतला आणि माझ्याकडे वळल्या.

"अनघा, हा तेरडा."

"तेरडा एवढा उंच नसतो, आई."

"इथली माणसं नाही का उंच? तसाच इथला तेरडा." मग त्यांनी पोत्यांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "गौर उपटून कचऱ्यात टाकतायत गो हे लोक."

आमच्या गुहागरच्या घरी गौरीला मुखवटे नसतात. पऱ्ह्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, तेरड्याची रोपं मुळासकट आणायची, त्यांनाच साडी नेसवायची, तीच गौर. सासूबाईंनी लग्न झाल्यापासून एकाही वर्षी हे चुकवलेलं नव्हतं. यंदा घराला कुलूप होतं. याबद्दल त्या आमच्याजवळ अवाक्षरही बोलल्या नव्हत्या, आणि त्या दिवशीही पुढे काही बोलल्या नाहीत. दोन तास निमूट रोपं उपटत राहिल्या. सहा महिन्यांत त्या पहिल्यांदाच गप्प होत्या, आणि गंमत म्हणजे मला ते सहन होईना.

मी मंदारला सगळं सांगितलं.

"पुढच्याच मंगळवारी गौरी येतात," तो म्हणाला. "दोन-तीन रोपं आणा की. नाहीतरी फेकतातच आहेत."

"मग तू चल आमच्याबरोबर."

"मला मीटिंग आहे," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं.

पुढच्या मंगळवारी सासूबाई हिरवी काठपदराची साडी, वरून माझा रेनकोट आणि खाली मंदारचे बूट अशा निघाल्या. ओढ्यावर पोचल्यावर त्यांनी मला नियम सांगितला. गौर मुक्याने आणायची. आमच्याकडे त्यासाठी तोंडात पाण्याची चूळ धरतात, म्हणजे चुकूनही शब्द बाहेर पडत नाही. एवढं सांगून त्यांनी बाटलीतून घोट घेतला, गाल फुगवले आणि कामाला लागल्या. झकास बहरलेली तीन रोपं त्यांनी मुळासकट काढली, मोठ्या पिशवीत उभी ठेवली आणि वर रेनकोट पांघरला.

आणि नेमका केस आमच्या दिशेने आला.

"सुप्रभात, मेफ्राऊ. कशा आहात?"

सासूबाई गाल फुगवूनच हसल्या.

केसने माझ्याकडे पाहिलं. "यांना काय झालंय?"

साथीच्या दिवसांत सर्दी, खोकला, ताप यांतलं काहीच म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, "दात."

"कुठल्या बाजूचा?"

"दोन्ही."

"अरे बापरे," तो कळवळून म्हणाला. "माझी बायको दातांची डॉक्टर होती. थांबा." आणि त्याने पलीकडच्या काठावर हाक मारली. त्याची बायको मारेके ही सहा फुटी बाई हातातलं फावडं टाकून पूल ओलांडून आमच्याकडे यायला निघाली. सासूबाईंनी डोळे मोठे करून मला खुणावलं. मी खुणेनेच त्यांना गिळून टाका म्हणून सांगितलं. त्यांनी निक्षून नकार दिला.

मारेके दीड मीटरवर येऊन थांबली आणि म्हणाली, "तोंड उघडा पाहू."

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"घाबरू नका. मी लांबूनच बघते."

आता केसला वाटलं, म्हातारीला वेदनेने उभंसुद्धा राहवत नसावं. तिला बसायला जागा करावी म्हणून तो पुढे आला आणि तिच्या पायाशी असलेली पिशवी उचलायला वाकला. रेनकोट घसरला. आतलं एक टपोरं बोंड त्याच्या बोटाला लागलं आणि फटकन फुटलं. बिया उडाल्या त्या थेट सासूबाईंच्या गालावर, आणि इतका वेळ निष्ठेने सांभाळलेली ती चूळ सगळीच्या सगळी केसच्या डोक्यावर.

दीड मीटरवर उभी असलेली मंडळी पाच मीटरवर गेली.

मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. माझं डच भाजी घेण्यापुरतं, त्यात देवी बसवायची म्हणजे कठीणच. मी म्हटलं, ही आजारी नाही, तिला ताप नाही, दातसुद्धा उत्तम आहेत. हे रोप म्हणजे आमची देवी आहे. ती वर्षातून एकदा घरी येते, तीन दिवस राहते आणि परत जाते.

केस रुमालाने डोकं पुसत होता. "तीन दिवसांनी नक्की परत जाते?"

"नक्की."

"हे रोप असं कधीच करत नाही," तो म्हणाला. "परत जाते म्हणजे कुठे?"

"पाण्यात," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणीच कळलं की हे बोलायला नको होतं. त्या ओढ्यावर वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांच्या तोंडून एक सामुदायिक हुंकार निघाला.

सासूबाईंना डचचं एक अक्षर कळत नव्हतं, पण केस पिशवीकडे पाहतोय हे दिसत होतं. त्यांनी पुन्हा बाटलीतून चूळ भरली आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. डोळे भरून आले होते. मग केसने खिशातून छोटी कात्री काढली आणि चिखलातच मांडी घातली.

"बोंडं राहणार नाहीत," तो मला म्हणाला. "बाकी रोप न्या. आणि पाणी बादलीतलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

मग अर्धा तास तो एकेक बोंड कापत बसला. प्रत्येक बोंडाखाली आधी डावी मूठ धरायचा, मग कात्री लावायचा. फूल एकही पडू दिलं नाही. सुरुवातीला सासूबाई रागाने बघत होत्या. पण हळूहळू त्या वाकल्या आणि हात लांब करून, गाल तसेच फुगलेले, त्याच्यासाठी देठ सरळ धरून उभ्या राहिल्या.

गौर घरी आली. माझी पैठणी नेसून आमच्या टीव्हीशेजारी ती भलतीच उंच दिसली. दुसऱ्या दिवशी पूजा, नैवेद्य सगळं यथासांग झालं. तिसऱ्या दिवशी केस ठरल्या वेळेला मागच्या फाटकाशी हजर. अंगणातल्या बादलीत विसर्जन झालं, तेव्हा त्याने टोपी काढली. नंतर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बसून त्याने आदल्या दिवशीचं घाटलं आणि गरम घावन खाल्ले आणि आणखी मागितले.

"त्याला सांग," सासूबाई मला म्हणाल्या, "डोक्यावर पडलं ते गौरीचं पाणी होतं. केस येतील."

मी भाषांतर केलं. केसने गंभीरपणे डोक्यावरून हात फिरवून पाहिला, आणि बादली सायकलला जोडलेल्या सामानाच्या पेटीत ठेवून निघून गेला.

नोव्हेंबरात सासूबाईंना विशेष विमानात जागा मिळाली. विमानतळावर आम्ही दोघी रडलो, ज्याची आम्हा दोघींनाही अपेक्षा नव्हती.

वसंत ऋतू आला आणि आमच्या अंगणातल्या फरशांच्या फटींतून जाड, लालसर देठाची रोपं वर आली. महिन्याभरात गुडघ्याएवढी झाली. मी गुहागरला फोन लावला.

"आई, तुमची गौर इथेच राहिली. अंगणभर तेरडा झालाय."

"माझ्या गौरीची बोंडं त्या बिचाऱ्याने माझ्यासमोर एकेक कापली," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू ओढ्यावरून आलीस की बूट कुठे झटकायचीस?"

मी फरशीकडे पाहिलं. दर मंगळवारी, थेट ऑक्टोबरपर्यंत, बूट, हातमोजे आणि पँटच्या दुमडी मी त्याच फरशीवर झटकत आले होते.

केसला कळवणं भागच होतं. पुढच्या मंगळवारी सगळा गट पोती घेऊन माझ्या अंगणात आला. ओढ्याचे काठ आता छान सुधारले आहेत, असं तो सांगत होता. स्वयंसेवकामुळे जिथे तेरडा वाढला, अशी अख्ख्या उइटहॉर्नमध्ये त्यांना एकच जागा सापडली, आणि तिथला कॉफीचा बंदोबस्त माझ्याकडे होता.