नवा क्रॉस

मी लेखक नाही, आणि मराठी ही माझी शाळेत शिकलेली भाषा. घरी तेलुगू. आमच्या विणकरांच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणून लिहायला बसण्याच्या या धाडसाबद्दल आधीच माफी मागतो. पण ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी मामांबद्दल एक ओळ लिहिली नाही.

सोलापुरात आमच्या पेठेतल्या विणकर सोसायटीची एक जुनी जीप होती, आजाऱ्यांना हॉस्पिटलात न्यायला. मामा तिचे ड्रायव्हर; सगळी पेठ त्यांना मामाच म्हणे. "गाडी बरी चालते की," असं कुणी म्हटलं की ते मागचं दार उघडून धरत. "या, बसा की मंग." म्हणणारा कधी बसत नसे. असे चिडके ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. लोक त्यांना हसतात. आम्हीही हसायचो.

भांडण एका क्रॉसचं होतं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट ज्या लोखंडी तुकड्याने जोडतात, तो क्रॉस. पार झिजलेला. सोसायटीचे सेक्रेटरी दर वेळी त्यावर वेल्डिंगचा भर घालून, घासून, तोच पुन्हा बसवायला लावत. कॉलेज सुटल्यावर मी सोसायटीच्या ऑफिसात पत्रांच्या नकला करायला बसे, त्यामुळे सगळं समोरच ऐकलं.

"मामा, डागडुजीवर भागतंय तर नवा कशाला?"

"शाफ्ट रस्त्यात निखळला तर आत पेशंट असतंय, सायब. तुमी नसताय."

सेक्रेटरी अडाणी नव्हते. त्यांना सगळं कळत होतं.

एकदा मामांनी किल्ली टेबलावर आपटली. "नवा येईस्तोवर हात लावत न्हाय." त्याच दुपारी माझ्या बहिणीला कळा सुरू झाल्या, मूल आडवं. आई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, एक शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, आणि किल्ली उचलली. मागे अंड्यांची टोपली ठेवलेली असावी तशी त्यांनी जीप नेली. गिअर बदलताना श्वास रोखत होते. बहीण वाचली. भाचाही.

संध्याकाळी सेक्रेटरी हसले. "चालली की नाही? उगीच बोंबलता."

मामा बाहेर आले. मला म्हणाले, "माझाच हात माझ्या आड येतोय रं. जपून चालवतो म्हणून नवा येत न्हाय. आन् आत माणूस असताना दामटू कशी?"

पुढे मी पुण्याला शिकायला गेलो. भाऊ वसतिगृहावर आला तेव्हा कळलं. मामांच्याच छातीत कळ आली होती. जीप एका टेम्पोवाल्याने काढली. बिचाऱ्याने सवयीप्रमाणे झटक्यात क्लच सोडला आणि गल्लीच्या तोंडाशीच क्रॉस तुटला, शाफ्ट खाली. मामांना सुताच्या हातगाडीवर घालून लोक पळाले. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत श्वास होता म्हणे.

आठवड्याच्या आत नवा क्रॉस आला. सेक्रेटरींनी स्वतः नारळ फोडला.