दसऱ्याचा मुहूर्त

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं मी लग्नानंतर कित्येक वर्षं कौतुकानं सांगत असे. ऐकणाऱ्या बायका हसायच्या. मला वाटायचं, त्यांना हेवा वाटतोय.

तारापूरजवळ आमची चिकूची वाडी. मूल नव्हतं, आणि ते होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात एक मुलगी वाडीत गवत काढायला येऊ लागली. कुंभवलीच्या कारखान्यात ती ठेक्यावर काम करायची. पोट दिसायला लागल्यावर मुकादमानं तिला काढून टाकलं. ज्याचं मूल, तो परप्रांतातला कामगार, आपल्या मुलखात निघून गेला होता. डोंगरातल्या गावी राहणाऱ्या भावानं निरोप धाडला होता, एकटी ये, पोर घेऊन येऊ नकोस.

मी तिला पडवीलगतची खोली दिली. पेज, दूध, दवाखान्याच्या खेपा, सगळं केलं. बाळ तुम्हीच ठेवा, हे तिनंच आधी काढलं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, तुझी इच्छा तीच माझी. मी हवेतच होते.

मुलगी झाली. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, मुंबईच्या संस्थेला कळवू का? तिथं एक जोडपं वाट बघतंय, पण काय ते लवकर ठरवा. नवरा शेजारीच उभा होता. मी ऐटीत सांगितलं, हिचं घर ठरलंय.

मग सुरू झालं. आधी गणपती होऊन जाऊ देत. मग पितृपक्ष लागला, त्यात असलं काम कसं करायचं? दत्तकाचे कागद करणारा वकीलही म्हणाला म्हणे, घाई नको. शेवटी नवऱ्यानंच दसऱ्याचा मुहूर्त काढला आणि सासूबाईंनी मान डोलावली. पंचांग दाखवलं की मी गप्प बसते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी आपली दुपटी शिवत बसले.

दसऱ्याच्या सकाळी नवरा मला न सांगता पालघरला बहिणीकडे निघून गेला; सासूबाईंकडून ते कळलं. संध्याकाळपर्यंत येईल, मग ओटी भरू, असं सांगायला मी पडवीलगतच्या खोलीत गेले. ती गाठोडं बांधत होती.

"बाय, शेटानं गणपतीतच सांगितलंय, पोर ठेवनार नाय म्हनून. तुमाला सांगू नको बोल्ले."

मग इतके दिवस तू थांबलीस कशाला, असं मी विचारलं.

"तुमी 'नाय' बोल्ल्या नवत्या."

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता सिस्टरकडे जाऊ, त्या संस्थेला कळवू. तिनं पोरीला छातीशी घेतलं.

"तवा दिली असती. आता ती मला वळखते. आता नाय देत कोनाला."

भावाचं दार बंदच होतं. सालवडला ओळखीच्या एका बाईच्या खोलीत जाते म्हणाली. काम मिळेल का, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवणार, यातलं तिलाही काही माहीत नव्हतं. शिवलेली दुपटी मी तिच्या गाठोड्यात कोंबली. ती तिनं नेली.

संध्याकाळी नवरा आला आणि रीतीप्रमाणे माझ्यापुढे आपट्याची पानं धरली. मी फक्त एवढंच विचारलं, आणखी कुणाकुणाला माहीत होतं? आईला, भावाला, बहिणीला, तो म्हणाला. परकं रक्त वाडीवर नको, असं सगळ्यांचंच मत पडलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

मला मूल मिळालं नाही, ते मी कधीतरी पचवलं. पण त्या पोरीसाठी एक घर तयार होतं, आणि हा माणूस शेजारी उभा राहून माझ्या तोंडून त्या घराला नकार जाऊ देत होता. त्याच्यासोबत मी अजून राहते. त्याच्या सरळपणाचं कौतुक मात्र पुन्हा कुणाजवळ केलं नाही.