ताजबीची नऊ अंडी

ताजबीच्या पायाला भिंगरी आहे, हे अख्ख्या कामरगावाला ठाऊक. भात शिजत असला तरी झाकण काढून पाहिल्याशिवाय तिला चैन नाही. तिचा प्रश्नही तसाच घाईचा, अर्धामुर्धा. उत्तर मात्र पूर्ण हवं, तेही लगेच.

अंड्यांवर बसलेल्या तिच्या खुडूक काळ्या कोंबडीला मुंगसानं मारलं. खाली नऊ अंडी राहिली, अजून ऊनऊन. त्या कोंबडीवर ताजबीचा भारी जीव. तिची एवढी तरी निशाणी वाचवायचीच, असं तिनं मनाशी धरलं. नवरा सैफुद्दीन कूलर दुरुस्त करतो. त्यानं थर्माकोलच्या खोक्यात वरच्या बाजूला बल्ब लावून दिला. बायको सारखं झाकण उघडणार हे ओळखून वर काच बसवली आणि काचेतून दिसावा म्हणून थर्मामीटर तिथंच, बल्बाशेजारी टांगला.

शिरपूरच्या मंजुषाकडे अंडी उबवायची मशीन आहे. ताजबीनं तिला फोन लावला.

"मंजू, टेंपरेचर कितीक ठेवू?"

"कायचं, चाची? कोंबडीचे अंडे का बदकाचे? खोक्यात पंखा हाय का? थर्मामीटर कुठं लावला?"

"मी एक गोष्ट इचारली, अन् तू माही जनमपत्री काहाडून राह्यली!" ताजबीनं फोन ठेवला.

शेजारच्या मोईननं मोबाइलमध्ये पाहून साडेसदतीस सांगितलं. असं उत्तर हवं! काचेतही साडेसदतीसच दिसत होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. अंगणात जायची, परत यायची, काचेला नाक लावायची. शेवटी राहवलं नाही. काच सरकवून तिनं एक अंडं उचललं आणि गालाला लावलं. कोंबडीखालून उचललं होतं तेव्हापेक्षा ते गार होतं.

पुन्हा फोन. या खेपेला तिनं सगळं सांगितलं: अंडी कोंबडीची, पंखा नाही, थर्मामीटर वर बल्बापाशी, साडेसदतीसचा आकडा मोईनचा.

"चाची, तो आकडा वरच्या हवेचा. अंडे तर तळाशी हायेत! मोईननं सांगतलं ते पंख्याच्या मशीनचं. तुमाले थोडं जास्त लागन. आगुदर थर्मामीटर अंड्याच्या माथ्याशी आणा."

खाली आणला, तर जेमतेम चौतीस.

"हे पयल्यांदाच काहून नाही सांगतलं?"

"तुमी सांगू देलं का?"

सैफुद्दीननं बल्ब खाली घेतला. पण तोवर अंडी गारठली होती; नवांतून एकच पिल्लू निघालं, उशिरानं, ओलंचिंब, आईसारखं काळं. ताजबीला हसूही आलं आणि बाकीच्या आठांसाठी रडूही कोसळलं.

मंजुषाचा फोन आला. "कसं हाय, चाची?"

ताजबी उत्तर देता देता थांबली.

"कोणाचं इचारून राह्यली? पिल्लू झोपलं. मी नाही."