मालनबाईंच्या पापडांवर पाळत

उडदाचं पीठ कुटायला लागलं की त्याचा धप्प धप्प आवाज सोनई गावच्या त्या गल्लीत पार टोकापर्यंत जातो. यंदा मालनबाईंच्या घरातनं एकदासुद्धा धप्प झालं नाही. आणि तरी बघा, एका सकाळी त्यांच्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर पापड पसरलेले! ना कुणाला बोलावणं, ना लाटण्यांचा खडखडाट, ना चहाचं पातेलं. दुसरी कुणी म्हणाली असती, असतील बाई, आपल्याला काय. पण शेजारच्या गच्चीवर उभी होती सत्यशीला, आणि ‘आपल्याला काय’ हे तिला जन्मात जमलेलं नाही.

सत्यशीला पुस्तकं लिहिते. रहस्यकथा. पण खून नाही, रक्ताचा थेंब नाही, पोलिसांची जीप गल्लीत शिरत नाही. गोजरबाई नावाची एक रिटायर अंगणवाडी सेविका आहे, ती गहू निवडता निवडता चोर पकडते. एका पुस्तकात देवळातली समई गेली, एकात सोऱ्या, एकात तर म्हशीच्या गळ्यातली घंटा. चोर सापडला की त्याला चहा पाजायचा, दोन शब्द सुनवायचे, संपलं. शिंगणापूर हाकेच्या अंतरावर, तिथली माणसं दाराला कुलूप लावत नाहीत, आणि ही बया बसलीय चोऱ्या शोधत! नवरा रामहरी ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान चालवतो. तो म्हणतो, “डब्यातला एक लाडू कमी झाला तर ही मला तोंड उघडून दाखवायला लावती.”

लिहायची तऱ्हाही न्यारी. उन्हाळ्यात वाळवणाची राखण करत गच्चीवर बसायचं आणि मोबाईलपुढं बोलत सुटायचं. मोबाईल आपला टाईप करत बसतो. मधेच कावळा आला तर त्याला घातलेल्या शिव्याही गोष्टीत उमटतात. नगरचे प्रकाशक आदिनाथराव त्या आता न विचारता काढून टाकतात.

पाचवं पुस्तक शेवटाला आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच मालनबाईंनी तोंड फिरवलं.

हे साधंसुधं नव्हतं, बरं का. सत्यशीला नवी नवरी म्हणून या गल्लीत आली तेव्हा जिन्यावरनं पहिली हाक मारली ती मालनबाईंनी. दरवर्षी त्यांच्या ओसरीत बायका पापड लाटायला जमायच्या, सत्यशीलेचा पाट मालनबाईंच्या शेजारी ठरलेला. लाटता लाटता कुणाची सून कुणाशी कशी वागली ते सगळं तिथंच कळायचं. आणि यंदा तर गल्लीतल्याच श्रीमंतदादांच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न. गल्लीतल्या पोरीच्या रुखवतात पापड मांडायचे ते मालनबाईंच्या हातचेच, दुसऱ्या कुणाचा विचारसुद्धा करायचा नाही. अशा वर्षी सत्यशीलेला बोलावणं नाही? पाणी भरताना मालनबाई तिला बघून मान वळवतात? अन्न गोड लागेना तिला.

ती गेली मालनबाईंच्या घरी. दारात सूनबाई मोनिका आडवी.

“आई झोपल्यात, काकू.”

“सकाळच्या अकराला?”

“हो ना.”

आतनं मालनबाई ठसकल्या. मोनिकाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग ‘विरजण संपलंय’ म्हणून सत्यशीला गेली रंगुबाईकडं. कान भरायची कला गल्लीत तिलाच येते, असा हिचा जुना संशय.

“मला तरी कुठं बोलावलंय?” रंगुबाई फणकारली. “मला वाटलं तूच काय तरी बोललीस. मागं पुस्तकात माझी म्हस घातलीस तवा मी बोलले का काही?”

“तुमची न्हवती ती.”

“एक शिंग खाली वाकलेली दुसरी म्हस दाखव मला सोनईत. आन् तुला ठावं हाय का, तू आलीस की आमी बायका बोलायचंच थांबतो आता.”

ठावं नव्हतं. बाई विरजणाची वाटी तिथंच विसरून परत आली.

आता राहिली गच्ची. दुसऱ्या दिवशी सत्यशीला पाण्याच्या टाकीमागं उकिडवी बसली. मधली भिंत कमरेएवढीच. पापड सगळे एका मापाचे, कंपासनं काढल्यासारखे गोल. गल्लीतल्या बायकांनी लाटले असते तर प्रत्येकीचा हात वेगळा दिसला असता, रंगुबाईची कड जाड, कुणाचा मधे फाटलेला. हे कुणाच्याच हातचे नव्हते. मालनबाई वर आल्या आणि डाव्या हातानं पापड उलटायला लागल्या. उजवा हात पोटाशी धरलेला. पदर सरकला तर तोसुद्धा डाव्यानंच ओढला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. आदिनाथराव! “ताई, शेवट कधी देताय?”

“ये भाईर,” मालनबाई म्हणाल्या. “टाकीमागं किती येळ बसतीस?”

सत्यशीला गुडघे धरत उठली.

“पाळत ठिवतीस माझ्यावर?”

“आक्का, तुमीच बोलंना म्हणून...”

“मी बोलू? परवा हितंच बसून मोबाईलवर कुणाला सांगत हुतीस? ‘रुखवतातले पापड तिच्या हातचे न्हाईतच. भर मांडवात उघडी पाडते तिला.’ ह्या कानांनी ऐकलंय मी.”

सत्यशीलेला हसू फुटलं. तिथंच चुकलं तिचं.

“अवं आक्का, ती गोष्ट हाय! गोजरबाई बोलती तसं. पुस्तकाचा शेवट हाय. मोबाईल लिहून घेतो.”

“मोबाईल लिहितो? मंग तू काय करतीस?”

“मी मनानं रचते.”

“माझे पापड मशीनचे हायत, हे मनानंच रचलंस व्हय?”

बोलून गेल्या त्या. चोराला कबूल करायला लावायला गोजरबाईला पुस्तकभर पानं लागतात, इथं एका वाक्यात झालं होतं, आणि सत्यशीलेला अजिबात आनंद झाला नाही.

“खांदा गेलाय माझा,” मालनबाई भिंतीला टेकल्या. “हात वर जात न्हाई. डाक्टर म्हणतो फ्रोझन शोल्डर. एवढ्या उन्हात कसला आलाय फ्रोझन! घोडेगावच्या मशीनवरनं आणलेत. जिंदगीभर मशीनच्या पापडाला नावं ठिवली, आता कुठल्या तोंडानं सांगू?”

“मला सांगायचं. मी कुटलं असतं, लाटलं असतं.”

“तुला? तुला सांगितलं की छापून आलं.”

सत्यशीलेनं मोबाईल काढून मालनबाईंच्या समोर तो शेवट पुसला.

“पुसलंस? दाखव.”

“पुसल्यावर काय दाखवू, आक्का? दिसत न्हाई आता.”

“मंग पुसलंय कशावरनं?”

आणि मालनबाई खाली निघून गेल्या. पटलेलं नव्हतंच. आदिनाथरावांना कळवलं तेव्हा ते फोनवर कळवळले, “अहो ताई, मुखपृष्ठावर पापड छापलाय!” ती म्हणाली, “लोणच्याची बरणी छापा,” आणि फोन ठेवला.

लग्नात रुखवत मांडलं. सत्यशीला मांडवाच्या या टोकाला, मालनबाई त्या टोकाला. वऱ्हाडाकडं त्यांचं लक्षच नाही, डोळे सगळा वेळ सत्यशीलेवर. ही आता तोंड उघडणार, मग उघडणार. पण तोंड उघडलं रंगुबाईनं. पापड उचलून तिनं बल्बसमोर धरला.

“मालनबाई, यंदा लई गोल झालेत. मशीनवाणी.”

बायका वळल्या. व्याहीणबाईही वळल्या. मालनबाईंचा डावा हात पदरात आवळला गेला.

“मी लाटलेत,” सत्यशीला म्हणाली.

“तू? तुझा पापड तर नकाशावाणी असतो.”

“म्हणून तर डब्याच्या झाकणानं कापले. आक्का न्हाई म्हणत हुत्या, मीच ऐकलं न्हाई.”

“झाकणानं? रुखवताचे पापड? अगं, मालनबाईंच्या नावावर असला आळशीपणा? पुस्तकं लिहून लिहून हात गेला बाई तुझा!”

मग काय, ज्या आल्या त्यांनी सुनावलं. व्याहीणबाईंनीसुद्धा मान हलवली. ती बापडी सगळ्यांना “चुकलं, चुकलं” म्हणत राहिली. रामहरी कानाशी येऊन पुटपुटला, “तू पापड कधी लाटलेस?” तर म्हणाली, “तुमी जेवायला बसा.”

मालनबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात जिन्यावरनं हाक आली, “शीले! कुरडयाचा चीक झालाय. सोऱ्या फिरवायला माणूस लागतंय. ये.”

ती पळतच गेली. ओसरीवर दोघीच. सत्यशीला सोऱ्या फिरवत होती, मालनबाई डाव्या हातानं कुरडया सारख्या करत होत्या.

“रंगुबाईची सून म्हायेरी गेलीय म्हणं,” मालनबाई म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. “मोबाईल कुठंय तुझा?”

“घरी.”

“बघू.”

सत्यशीलेनं चिकाचे हात दोन्हीकडं पसरले. मालनबाईंनी तिची कंबर चाचपली, ओचा चाचपला, एकदा दाराकडं बघून घेतलं. मग पाट जरा जवळ ओढला आणि आवाज खाली आणून पुढचं सांगायला लागल्या.