प्रॉबेब्ली

मुलुंडला आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्तीनंतर सुनेकडून इंग्रजी शिकत होते. ‘प्रॉबेब्ली’ म्हणजे ‘बहुतेक’, हे कळलं आणि बोलणं सभ्य वाटावं म्हणून तो शब्द ते कुठेही लावू लागले. लिफ्टमध्ये एका पाहुण्याला म्हणाले, “ही माझी मिसेस, प्रॉबेब्ली.”

काकू फणकारल्या, “आता शंका येतेय होय?”

पुढे काकूंच्या गळ्याला गाठ आली. सोनोग्राफीला मीही सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, “प्रॉबेब्ली साधीच गाठ आहे.”

काकांचा चेहरा पडला. “डॉक्टर, प्रॉबेब्ली नको हो. काय ते मराठीत सांगा.”

डॉक्टरांनी पुन्हा नीट पाहिलं. “साधीच आहे, काका. घाबरू नका.”

काकूंची पर्स पोटाशी धरून काका ढसाढसा रडायला लागले.

“अहो, पुरे,” काकू म्हणाल्या, “लोक बघतायत.” पण काकांचा धरलेला हात काही त्यांनी सोडला नाही.